विश्लेषण : लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही कशी सुरू झाली? सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांच्या कारकिर्दीशी तिचा काय संबंध?

अमेरिकेत नवे घर भाड्याने घेण्याआधी अनेक पालक मोबाइलवर एक सरकारी संकेतस्थळ उघडतात. घराचा पत्ता किंवा पिनकोड टाकला की त्या परिसरात राहणाऱ्या, लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तींची नावे, छायाचित्रे आणि गुन्ह्याचा तपशील समोर येतो. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही याला अपवाद नाहीत. ही यादी आज सर्वांसाठी खुली आहे. पण ती सुरू झाली तेव्हा पोलिसांखेरीज कोणालाही ती पाहता येत नव्हती. अमेरिकेतील अशी पहिली राज्यव्यापी नोंदणी १९४७ मध्ये कॅलिफोर्नियात लागू झाली. तेव्हा राज्याचे गव्हर्नर होते अर्ल वॉरन. पुढे हेच वॉरन अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले आणि दहा वर्षांनी अशाच एका नोंदणीच्या सक्तीला मर्यादा घालणाऱ्या निकालात सहभागी झाले. त्यांच्या आयुष्याचा आणि या नोंदवहीचा हा मागोवा.

कोण होते अर्ल वॉरन?

वॉरन यांचा जन्म १९ मार्च १८९१ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. वडील मेथियस नॉर्वेतून, तर आई क्रिस्टल स्वीडनमधून आलेल्या स्थलांतरित कुटुंबातल्या. वडील सदर्न पॅसिफिक रेल्वेत कामाला होते. १८९४च्या मोठ्या रेल्वे संपात भाग घेतल्याने त्यांची नोकरी गेली आणि पुढे कुटुंब बेकर्सफील्ड या गावी आले. तेल, रेल्वे आणि जुगाराचे अड्डे असलेल्या या गावात वॉरन लहानाचे मोठे झाले. शाळकरी वयात त्यांनीही रेल्वेत किरकोळ कामे केली. कामगारांचे अपघात आणि त्यानंतर कुटुंबांची होणारी वाताहत त्यांनी जवळून पाहिली.

बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून १९१४ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. पहिल्या महायुद्धात ते लष्करात होते. १९२० मध्ये ते अलामेडा काउंटीत उपजिल्हा सरकारी वकील म्हणून रुजू झाले आणि १९२५ मध्ये जिल्हा सरकारी वकील झाले. हे पद तिथे लोकनियुक्त असते. वॉरन सलग तीनदा निवडून आले. ज्या फ्रीमाँट शहरात आज भारतीयांची मोठी वस्ती आहे, ते याच काउंटीत येते.

सरकारी वकील म्हणून त्यांची ओळख काय होती?

कठोर, पण नियमाने चालणारा अधिकारी अशी. काउंटीच्या शेरीफलाच, म्हणजे तिथल्या लोकनियुक्त पोलीस प्रमुखाला, भ्रष्टाचाराच्या खटल्यात तुरुंगात धाडल्यामुळे त्यांचे नाव राज्यभर झाले. १९३१ मध्ये झालेल्या एका पाहणीत त्यांना देशातील सर्वोत्तम जिल्हा सरकारी वकील ठरवण्यात आले.

त्या काळात प्रत्येक शहराचे पोलीस आणि प्रत्येक काउंटीचा शेरीफ आपापल्या हद्दीपुरते पाहत. एका काउंटीत शिक्षा भोगलेला माणूस शेजारच्या काउंटीत गेला की त्याची ओळख पुसली जाई. ही फट बुजवण्यासाठी वॉरन यांनी १९३४ मध्ये राज्यघटनेतील एका दुरुस्तीचा पुरस्कार केला. ती मतदारांनी मंजूर केली आणि राज्याचा अॅटर्नी जनरल हा सर्व शेरीफ व सरकारी वकिलांवर देखरेख ठेवणारा अधिकारी झाला. नोंद स्थानिक पातळीवर करायची आणि माहिती राज्याकडे एकत्र ठेवायची, ही आजच्या नोंदवहीची रचना याच व्यवस्थेवर उभी आहे.

वडिलांच्या खुनाचे काय झाले?

१९३८ मध्ये वॉरन अॅटर्नी जनरलपदाची निवडणूक लढवत होते. प्रचार सुरू असतानाच मे महिन्यात बेकर्सफील्डच्या घरी एकट्या राहणाऱ्या मेथियस यांचा डोक्यात लोखंडी नळी घालून खून झाला. अनेक संशयितांची चौकशी झाली. पण खुनी सापडला नाही. राज्यातील सर्वांत नावाजलेल्या सरकारी वकिलाच्या स्वतःच्या वडिलांचे प्रकरण कायमचे अनुत्तरित राहिले.

गुन्ह्याने घर उद्ध्वस्त होणे म्हणजे काय, हे वॉरन यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. तरीही पुढील काळात आरोपीच्या हक्कांना त्यांनी जे स्थान दिले, ते पाहता या घटनेने त्यांना सूडाकडे नेले नाही, असेच म्हणावे लागते.

यादी आणि नकाशे घातक कसे ठरले?

जानेवारी १९३९ मध्ये वॉरन अॅटर्नी जनरल झाले. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि पश्चिम किनाऱ्यावर घबराट पसरली. वॉरन यांनी काउंटी अधिकाऱ्यांकडून जपानी वंशाच्या लोकांच्या जमिनींचे नकाशे तयार करून घेतले. लष्करी ठाणी, विमान कारखाने यांच्याजवळ कोणाची शेती आहे, हे त्यात दाखवले होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये संसदीय समितीपुढे त्यांनी हेच नकाशे मांडून या लोकांना हलवण्याची बाजू घेतली.

त्यानंतर जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरेदारे सोडून छावण्यांत राहावे लागले. त्यातील सुमारे दोन तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. त्यांच्यावर कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. नकाशावरचे ठिपके हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरला. या भूमिकेबद्दल वॉरन यांनी आत्मचरित्रात पश्चात्ताप व्यक्त केला. मात्र ते पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले.

लैंगिक गुन्हेगारांची नोंदवही आणि ही यादी यांत मूलभूत फरक आहे. नोंदवहीत न्यायालयाने दोषी ठरवलेल्यांचीच नावे असतात. पण कोणाचे नाव यादीत घालायचे, ते कोणाला दाखवायचे आणि चूक झाली तर ती दुरुस्त कशी करायची, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत.

१९४७चा कायदा नेमका काय होता?

वॉरन जानेवारी १९४३ मध्ये गव्हर्नर झाले. १९४६ मध्ये रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक या दोन्ही पक्षांच्या प्राथमिक निवडणुका जिंकून ते पुन्हा निवडून आले. महायुद्ध संपले होते, राज्याची लोकसंख्या झपाट्याने वाढत होती आणि मुलांवरील अत्याचारांच्या बातम्यांनी वृत्तपत्रे भरत होती.

अशा वातावरणात १९४७ मध्ये राज्याच्या दंडसंहितेत कलम २९० आले. ठरावीक लैंगिक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या व्यक्तीने शिक्षा भोगून बाहेर आल्यावर राहत्या शहराच्या पोलीस प्रमुखाकडे किंवा काउंटीच्या शेरीफकडे जाऊन नोंद करायची, असे त्याचे स्वरूप होते. त्या वेळी लेखी माहिती, बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेतले जाई आणि ते राज्याच्या गुन्हेगार ओळख विभागाकडे पाठवले जाई. पत्ता बदलला तर तेही कळवणे बंधनकारक होते. नोंद न करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरला.

या कायद्यातील महत्त्वाची तरतूद म्हणजे गोपनीयता. ही माहिती जनतेला पाहता येणार नव्हती. केवळ कायदा-सुव्यवस्था राखणाऱ्या अधिकाऱ्यांनाच ती उपलब्ध होती. गुन्हा घडला की संशयितांची यादी हाताशी असावी, एवढाच तिचा उद्देश होता.

१९४९च्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये एका लहान मुलीचा खून झाला आणि राज्य हादरले. वॉरन यांनी डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे विशेष अधिवेशन बोलावले. त्यात मुलांवरील गुन्ह्यांसंबंधीचे कायदे अधिक कडक झाले. त्याचबरोबर अशा गुन्ह्यांची कारणे शोधण्यासाठी सॅन फ्रान्सिस्को येथील मनोरुग्णालयात संशोधनही हाती घेण्यात आले.

त्या यादीत कोणाची नावे चढली?

मुलांवर अत्याचार करणाऱ्यांची नावे होतीच. पण त्या काळी समलिंगी संबंध हा कॅलिफोर्नियात गुन्हा होता. त्यामुळे परस्पर संमतीने संबंध ठेवणाऱ्या प्रौढ पुरुषांनाही याच वहीत सही करावी लागली. पोलिसांनी बागेत किंवा बारमध्ये सापळा लावून पकडलेले अनेक जण बलात्काऱ्यांच्या रांगेत जाऊन बसले. आयुष्यभर पोलीस ठाण्यात हजेरी लावण्याची वेळ त्यांच्यावर आली.

राज्याने १९७६ पासून असे संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. तरीही जुनी नावे यादीत राहिली. ती काढण्याची तरतूद होण्यास १९९७ साल उजाडले. कायदा बदलला तरी यादी आपोआप बदलत नाही, हे या अर्धशतकाने दाखवून दिले.

सरन्यायाधीश झाल्यावर वॉरन यांची भूमिका बदलली का?

ऑक्टोबर १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी वॉरन यांना सरन्यायाधीशपदी नेमले. पुढच्याच वर्षी शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ऐतिहासिक निकाल त्यांच्या न्यायालयाने एकमताने दिला. माजी सरकारी वकील असलेले वॉरन पोलिसांची बाजू घेतील, असा अनेकांचा कयास होता. तो चुकला.

डिसेंबर १९५७ मध्ये लॅम्बर्ट विरुद्ध कॅलिफोर्निया हा खटला निकाली निघाला. लॉस एंजेलिस शहराचा एक स्थानिक नियम त्यामागे होता. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेली व्यक्ती शहरात पाच दिवसांहून अधिक राहिली, तर तिने पोलिसांकडे नोंद करायची. न केल्यास प्रत्येक दिवस हा वेगळा गुन्हा. पूर्वी बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेली एक महिला सात वर्षांहून अधिक काळ शहरात राहत होती. दुसऱ्याच संशयावरून तिला अटक झाली आणि नोंदणी न केल्याचे उघड झाले. असा नियम आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हते, हे तिचे म्हणणे खालच्या न्यायालयाने विचारातच घेतले नाही. तिला २५० डॉलर दंड आणि तीन वर्षांचे प्रोबेशन अशी शिक्षा झाली.

सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही शिक्षा रद्द केली. निकालपत्र न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी लिहिले आणि वॉरन बहुमतात होते. कायद्याचे अज्ञान हा बचाव नसतो, हे तत्त्व न्यायालयाने मोडीत काढले नाही. पण या महिलेने काही कृती केली नव्हती. ती फक्त शहरात राहत होती. नोंदणी करायची असते हे माहीत असल्याचे, किंवा माहीत असण्याची शक्यता असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय तिला शिक्षा देता येणार नाही, असा निकालाचा गाभा होता.

हा खटला लैंगिक गुन्ह्याचा नव्हता. तरीही नोंदणीच्या सर्व कायद्यांना तो लागू पडणारा धडा ठरला. आज अमेरिकेत कैद्याला सोडण्यापूर्वी नोंदणीचे नियम समजावून सांगितले जातात आणि समजल्याची लेखी सही घेतली जाते. १९६३ मध्ये गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील आणि १९६६ मध्ये अटकेतील व्यक्तीला तिचे हक्क सांगण्याची सक्ती, हे वॉरन यांच्या न्यायालयाचे निकालही याच वाटेवरचे. शिक्षा करण्याआधी सरकारने माणसाला नियम सांगितला पाहिजे, हे सूत्र त्यात दिसते.

वॉरन १९६९ मध्ये निवृत्त झाले आणि ९ जुलै १९७४ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. तोवर कॅलिफोर्नियाची नोंदवही पोलिसांच्या कपाटातच होती.

नोंदवही जनतेसाठी खुली कधी झाली?

वॉशिंग्टन राज्याने १९९० मध्ये धोकादायक गुन्हेगारांची माहिती वस्तीतील लोकांना देण्याचा कायदा केला. १९९४ मध्ये न्यू जर्सीत एका सात वर्षांच्या मुलीवर समोरच्या घरात राहणाऱ्या माणसाने अत्याचार करून तिची हत्या केली. त्या माणसाला आधीही अशाच गुन्ह्यांत शिक्षा झाली होती. शेजाऱ्यांना मात्र याची कल्पना नव्हती. पालकांच्या लढ्यातून त्या मुलीच्या नावाने ओळखला जाणारा मेगन्स लॉ आला.

त्याच वर्षी केंद्रीय कायद्याने सर्व राज्यांना नोंदवही ठेवायला लावली. १९९६ मध्ये ही माहिती जनतेला देणेही बंधनकारक झाले. कॅलिफोर्नियात सुरुवातीला पोलीस ठाण्यात जाऊन सीडीवर ती पाहावी लागे. डिसेंबर २००४ पासून ती इंटरनेटवर आली. २००६च्या केंद्रीय कायद्याने देशभरासाठी किमान निकष ठरवले. आज अमेरिकेतील अशा नोंदवह्यांत साडेसात लाखांहून अधिक नावे आहेत.

नोंदणी आणि शोध आज कसा चालतो?

कॅलिफोर्नियाचे उदाहरण घेतले तर पद्धत साधारण अशी आहे.

• दोषी व्यक्तीने स्थानिक पोलिसांकडे किंवा शेरीफकडे प्रत्यक्ष जाऊन नोंद करायची. पत्ता बदलल्यास पाच कामकाजाच्या दिवसांत कळवायचे.

• दरवर्षी वाढदिवसाच्या आसपास नोंद ताजी करायची. बेघर व्यक्तीने दर ३० दिवसांनी हजर व्हायचे.

• २०२१ पासून तीन श्रेणी आहेत. गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार किमान १० वर्षे, किमान २० वर्षे किंवा आजन्म नोंदणी. पहिल्या दोन श्रेणींतील व्यक्ती मुदत संपल्यावर न्यायालयाकडे नाव वगळण्याचा अर्ज करू शकते.

• जनतेला नाव, पत्ता, शहर, पिनकोड किंवा काउंटी यांवरून शोध घेता येतो. काहींचा पूर्ण पत्ता दिसतो, काहींचा फक्त पिनकोड. काहींची नावे जनतेला दिसतच नाहीत, ती पोलिसांकडेच राहतात.

• देशातील सर्व राज्यांच्या नोंदवह्यांत एकाच वेळी शोध घेण्यासाठी केंद्रीय न्याय विभागाचे स्वतंत्र संकेतस्थळ आहे.

शोध घेताना एक खबरदारी महत्त्वाची असते. नाव सारखे असले म्हणजे माणूस तोच असे नाही. छायाचित्र, वय आणि इतर तपशील ताडून पाहावे लागतात. खात्रीची ओळख फक्त बोटांच्या ठशांनीच पटते. शिवाय या माहितीचा वापर करून कोणाला धमकावणे, त्रास देणे किंवा मारहाण करणे हा गुन्हा आहे.

या यादीने मुले सुरक्षित झाली का?

यावर अमेरिकेत अजून वाद आहे. पोलिसांना माहिती असण्याचा तपासात उपयोग होतो, हे बहुतेकांना मान्य आहे. जाहीर यादीबाबत मात्र मतभेद आहेत. मुलांवर अत्याचार करणारे बहुतांश जण अनोळखी नसतात. ते नातेवाईक, शेजारी, शिक्षक किंवा घरात ये-जा असलेले असतात आणि अनेकांच्या नावावर आधीचा एकही गुन्हा नसतो. अशांची नावे यादीत सापडणार नाहीत. यादीत नाव नाही म्हणजे माणूस सुरक्षित, असा समज त्यामुळे घातक ठरू शकतो.

दुसरीकडे, यादीतील माणसाला घर आणि नोकरी मिळणे अवघड होते. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २००६ मध्ये अशा व्यक्तींना शाळा व बागांपासून दोन हजार फुटांच्या आत राहण्यास मनाई केली. परिणामी सॅन दिएगोत पॅरोलवर सुटलेले अनेक जण बेघर झाले आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणे पोलिसांना उलट कठीण गेले. २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथली ही सरसकट अंमलबजावणी घटनाबाह्य ठरवली.

देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये अलास्काच्या प्रकरणात नोंदणी ही शिक्षा नसून नागरी स्वरूपाची उपाययोजना आहे, असे म्हटले. त्यामुळे कायदा येण्यापूर्वीच्या गुन्ह्यांनाही ती लागू होऊ शकते. २०१७ मध्ये मात्र अशा व्यक्तींना समाजमाध्यमांवर सरसकट बंदी घालणारा नॉर्थ कॅरोलिनाचा कायदा न्यायालयाने रद्द केला.

भारतात अशी यादी पाहता येते का?

नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाने २० सप्टेंबर २०१८ रोजी लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय माहितीसाठा सुरू केला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग तो सांभाळतो. सुरुवातीलाच त्यात सुमारे ४ लाख ४० हजार नोंदी होत्या. बलात्कार, सामूहिक बलात्कार, पोक्सो कायद्याखालील गुन्हे आणि छेडछाड यांत दोषी ठरलेल्यांची माहिती त्यात असते. पण ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. म्हणजे १९४७च्या कॅलिफोर्नियासारखीच ही बंद वही आहे.

त्यामुळे महाराष्ट्रातील पालक किंवा शाळेपुढे पोलीस पडताळणी हाच अधिकृत मार्ग उरतो. पोक्सोच्या २०२०च्या नियमांनुसार मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घेणे बंधनकारक आहे. बदलापूर येथील २०२४च्या घटनेनंतर हा नियम कागदावरच राहतो का, हा प्रश्न राज्यात ऐरणीवर आला. मुलांबाबत काही संशय आल्यास १०९८ ही मदतवाहिनी चोवीस तास उपलब्ध आहे. पीडित मुलाची ओळख उघड करणे मात्र गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

ही यादी भारतातही सर्वांसाठी खुली करावी, अशी मागणी प्रत्येक मोठ्या घटनेनंतर होते. त्या वेळी वॉरन यांच्या कारकिर्दीतील दोन अनुभव डोळ्यांपुढे ठेवायला हवेत. पोलिसांना माहिती नसल्याने गुन्हेगार मोकाट सुटतो, हे सरकारी वकील म्हणून त्यांनी पाहिले होते. पुराव्याविना केलेली यादी हजारो निरपराधांची घरे मोडते, हेही त्यांच्याच हातून घडले होते. नोंदवही हवी का, याबरोबरच ती कोण भरणार, कोण वाचणार आणि चुकीचे नाव कोण खोडणार, याचे उत्तर कायदा करतानाच द्यावे लागते. कॅलिफोर्नियाला ते शोधायला पन्नास वर्षे लागली.